मस्कतला निघण्याआधी काय वाचावं?

पत्राचा गोषवारा: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. वय ३३, बी.एड. झालेल्या, खासगी शाळेत शिकवतात. पतींना मस्कतमध्ये एका बांधकाम कंपनीत नोकरी लागली आणि ते पुढे गेले. चार महिन्यांनी या आणि आठ वर्षांची मुलगी जाणार. ‘अरबांविषयी व्हॉट्सॲपवर येतं तेवढंच ठाऊक आहे, आणि ते वाचून भीतीच वाटते,’ असं त्या लिहितात. शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांनी बर्टन, डाउटी, थेसिजर अशी जुनी जाडजूड इंग्रजी प्रवासवर्णनं काढून दिली. दीर म्हणतात, ही गोऱ्या साहेबांची पुस्तकं, सगळी खोटी. मामेसासऱ्यांनी नायपॉलचं पुस्तक हातात ठेवलं: ‘हे वाच, मुसलमान म्हणजे काय ते कळेल.’ इंग्रजी वाचता येतं पण वेग कमी; मराठीत काही असेल तर हवं आहे. प्रश्न असा की अरब माणूस आणि त्याची संस्कृती नीट समजेल असं एक पुस्तक कोणतं? आणि तिथल्या बायकांशी बोलता येईल का? ताजा कलम: पुस्तकं सोबत न्यावीत का?

नमस्कार.

पुस्तकांकडे वळण्याआधी मस्कतमध्ये तुमची गाठ कोणाशी पडणार ते पाहू, कारण निवड तिथून ठरते. ओमानच्या लोकसंख्येत ओमानी नागरिक निम्म्याहून थोडे जास्त. बाकी सगळे तुमच्यासारखे कामासाठी आलेले. (दुबई-दोह्यात स्थानिक माणूस दहांत जेमतेम एक.) रुवी किंवा अल खुवैर या मस्कतच्या भागांत भाड्याने घर घेतलंत तर शेजार मल्याळी, पाकिस्तानी, बांगलादेशी, फिलिपिनो असण्याचीच शक्यता जास्त. आणि ओमानी म्हणजे तरी एक साचा नाही. कोणी मूळचे बलुची. आज पाकिस्तानात असलेलं ग्वादर बंदर १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाचं होतं. कोणी घरात स्वाहिली बोलतात, कारण एकोणिसाव्या शतकात सुलतान सय्यद सईदने आपली राजधानीच झांझिबारला हलवली होती, आणि १९६४ मध्ये तिथे क्रांती झाल्यावर, विशेषतः १९७० नंतर, बरीच कुटुंबं ओमानला परतली. मत्रहच्या जुन्या बंदरालगत लवाती समाजाचा मोहल्ला आहे. ते शिया, आणि त्यांचं सिंध-कच्छशी जुनं नातं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली कच्छी हिंदू व्यापारी कुटुंबंही आहेत. धर्माचं म्हणाल तर ओमानची खास ओळख इबादी पंथ. तो सुन्नी नाही आणि शियाही नाही. इस्लामची तोंडओळख करून देणारी बरीच पुस्तकं इबादींना एका परिच्छेदात उरकतात.

म्हणजे तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: अरब, मुसलमान आणि वाळवंट. इजिप्त, लेबनॉन, सीरियात अरबी बोलणारे ख्रिस्ती आहेत. जगातल्या मुसलमानांत अरब अल्पसंख्य आहेत. आणि ओमानमधले बहुतेक लोक पूर्वीही उंटांवर फिरत नव्हते. ते खजुरीच्या बागा राखत, मासे धरत, गलबतं हाकत. जमिनीखालच्या किंवा उघड्या पाटांनी डोंगरातलं पाणी बागांपर्यंत आणून पाळ्यांनी वाटायची तिथली पद्धत, फलज, आपल्याकडे पाटाच्या पाण्यासाठी रात्री जागलेल्या कोणालाही चटकन समजेल. प्राध्यापकांच्या गठ्ठ्यात तिच्याविषयी फारसं सापडणार नाही, कारण त्या प्रवाशांना तंबूत राहणारा माणूस हवा होता, पाळी लावून बसलेला शेतकरी नव्हे.

मामेसासऱ्यांच्या पुस्तकाचं आधी उरकून घेऊ. नायपॉलने मुस्लिम देशांत फिरून दोन पुस्तकं लिहिली: ‘अमंग द बिलीव्हर्स’ (१९८१) आणि ‘बियाँड बिलीफ’ (१९९८). दोन्हींत देश चारच आणि तेच: इराण, पाकिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया. यांतला एकही अरब नाही. तेव्हा ओमानसाठी हे पुस्तक मुळात चुकीच्या दिशेचं. नायपॉलचं ऐकण्याचं कसब मोठं आहे. एका माणसाशी तासन्‌तास बोलून त्याचं घराणं, नोकरी, मोडलेली स्वप्नं तो उभी करतो. पण अरबेतर मुसलमान धर्मांतरामुळे स्वतःच्या भूतकाळाला मुकतो, हा सिद्धांत दुसऱ्या पुस्तकात पहिल्या पानापासून ठरलेला आहे आणि भेटणारी माणसं त्या मापाने मोजली जातात. शिवाय त्याला तिथल्या भाषा येत नव्हत्या. १९७९ च्या तेहरानमध्ये त्याचा दुभाष्या होता कम्युनिस्ट विचारांचा एक तरुण विद्यार्थी. हे नायपॉल लपवत नाही, पण क्रांतीनंतरच्या इराणमधल्या मौलवींचं बोलणं अशा तरुणाच्या तोंडून ऐकणं म्हणजे काय, याचा हिशेब वाचणाऱ्याने करायचा असतो. पुस्तक परत करू नका. मस्कतला वर्षभर राहून झाल्यावर वाचा. मामांना एवढं सांगितलं तरी पुरे की मस्कत त्या पुस्तकात नाही.

मराठीत हवं असेल तर मीना प्रभू यांची तीन पुस्तकं या भागात येतात: ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ आणि ‘इजिप्तायन’. वेगात वाचून होतील आणि भीती कमी करायला त्यांचा उपयोग होईल. फक्त लक्षात ठेवा की तुर्क आणि इराणी हे अरब नव्हेत. त्यांच्या भाषा निराळ्या, इतिहास निराळा, आणि अरब म्हटलेलं त्यांना रुचतही नाही. तिघांत अरब देश एकच, इजिप्त. इजिप्तवरच्या कोणत्याही प्रवासवर्णनात एक अडचण असते: पिरॅमिड आणि फेरो इतकी जागा खातात की आजचा कैरोतला माणूस कोपऱ्यात जातो. थडग्यांची पानं भराभर उलटून बाजार, टॅक्सी, घरं आणि जेवणाच्या पानांवर थांबलात तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट. एखाद्या प्रवाशावर किती विश्वास टाकायचा हे ठरवायचं असेल, तर तो आपल्या मुलखाविषयी काय लिहितो ते आधी काढून वाचावं. तिथे त्याचं खरं-खोटं आपल्याला कळतं, कोणा तज्ज्ञाला विचारावं लागत नाही. तुमच्यासाठी असा प्रवासी तयार आहे: इब्न बतूता. मोरोक्कोतल्या तंजिअर शहरातल्या काझींच्या घराण्यातला हा तरुण १३२५ मध्ये हजसाठी निघाला आणि जवळजवळ तीस वर्षं फिरत राहिला. तो ओमानला गेला, आणि पुढे महंमद तुघलकाच्या दिल्लीत काझी होऊन, दौलताबाद, नंदुरबार, खंबायत, गोवा असा मलबारलाही गेला.

दौलताबाद-नंदुरबारची पानं थोडीच आहेत. नंदुरबारच्या मराठ्यांची वैद्यकी आणि ज्योतिष, त्यांच्या जेवणातला भात, भाजीपाला आणि तिळाचं तेल, हे त्याने टिपलं आहे. दौलताबादेत द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं तो लिहितो. तुम्ही द्राक्षांच्या जिल्ह्यातल्या. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी तुमच्या ओळखीची असणार. आपण आज दोन छाटण्या करून पीक एकदाच घेतो, पण आपल्या हवेत वेल दोनदा फुटतो हे परक्या माणसाने सातशे वर्षांपूर्वी बरोबर हेरलं. मग येतात देवगिरीच्या अंधारकोठडीतले उंदीर, मांजरांवर चाल करून जाणारे. हे मात्र त्याने पाहिलेलं नाही; तिथे कैदेत राहिलेल्या एका अफगाण सरदाराने त्याला सांगितलं, आणि तसं तो लिहितोही. पुढे मराठा स्त्रियांच्या नाकाची आणि भुवयांची तारीफ येते. त्यातून मराठा स्त्रियांपेक्षा इब्न बतूताचीच ओळख जास्त होते, कारण जिथे जाईल तिथे तो स्त्रियांविषयी असा शेरा मारतोच.

बघा, एकाच माणसाच्या दोन-चार पानांत तीन दर्जांचा माल आला. पाहिलेलं, ऐकलेलं आणि ताडलेलं. एक साधी वही करा. डाव्या पानावर पृष्ठक्रमांक आणि विधान, उजवीकडे ‘पा’, ‘ऐ’ किंवा ‘ता’. जेवण, भाव, कपडे, अंतरं, पाणी ही बहुधा ‘पा’मध्ये पडतात आणि सहसा भरवशाची निघतात. चमत्कार, क्रौर्य आणि दूरच्या टोळ्यांच्या चालीरीती ‘ऐ’मध्ये. आणि ‘हे लोक स्वभावतःच’, ‘अरब माणूस कधीच’ अशी सुरुवात झाली की डोळे झाकून ‘ता’. पहिल्या पन्नास पानांत हात बसतो; पुढे वही नसली तरी डोळ्यांना सवय लागते.

आता हीच वही घेऊन त्याची ओमानची पानं वाचा. साधारण १३३० च्या आसपासची हकीकत आहे. जफार, म्हणजे आजच्या सलालाचा परिसर: तिथे गुरांना वाळवलेले छोटे मासे चारतात, आणि तिथे नारळ आणि विड्याची पानं पिकतात. नारळ म्हणजे काय आणि विडा कसा खातात हे तो आपल्या मोरोक्कोच्या वाचकांना कौतुकाने समजावून सांगतो. आपल्याला ते वाचताना गंमत वाटते, पण सलालाच्या रस्त्यावर शहाळी विकायला बसलेला माणूस दिसेल तेव्हा हे पान आठवेल. जून ते सप्टेंबर तिथे मोसमी ढग टेकतात, म्हणून नारळ. पुढे सूरहून कल्हात. जवळच आहे म्हणून तो पायी निघतो, वाटाड्या लुबाडायला टपलेला, पाणी संपतं, पाय सुजतात. कल्हातला पोचल्यावर पानांवर भाजलेला मासा आणि त्याखाली हिंदुस्थानातून आलेला तांदूळ. इथवर सगळं ‘पा’. मग येतं ओमानच्या आतल्या भागातलं निझवा. तिथली माणसं मशिदीच्या अंगणात जेवतात, जो तो आपल्या घरून जे असेल ते आणतो आणि वाटसरूही पंगतीला बसतो. आणि लगेच पुढे इबादींच्या श्रद्धेविषयी नाराजी, तिथल्या बायकांच्या चारित्र्यावर शेरा. म्हणजे तोही मुसलमान, अरबी लिहिणारा, कुराण पाठ असलेला, पण मालिकी सुन्नी काझी म्हणून निझव्यात परकाच. धर्म एक असला की समज आपोआप येते, असं आपण सहज गृहीत धरतो; या दोन पानांनंतर ते उरणार नाही.

एक सावधगिरी. हे पुस्तक त्याने प्रवासात लिहिलेलं नाही. काही टिपणं समुद्रावरच्या लुटीत गेली होती. परतल्यावर मोरोक्कोच्या सुलतानाच्या हुकमावरून इब्न जुझय नावाच्या लेखनिकाला सांगून १३५५ मध्ये ते पुरं झालं, आणि या लेखनिकाने मक्का, मदिना, दमास्कसची वर्णनं बऱ्याच प्रमाणात इब्न जुबैर या आधीच्या प्रवाशाच्या पुस्तकातून उचलली. प्रवासवर्णनं एकमेकांतून उतरवली जातात ही खोड जुनी आहे. आजही एका पुस्तकातली उपमा दुसऱ्यात दिसली की थांबावं.

दिरांचं म्हणणं अगदी वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. पूर्वेकडचा माणूस पाश्चात्त्यांनी आपल्या सोयीचा रंगवला, हे एडवर्ड सईदने १९७८ मध्ये पुस्तकभर मांडलं आणि त्यानंतर ही जुनी प्रवासवर्णनं पूर्वीसारखी भोळेपणाने वाचता येत नाहीत. पण फेकून द्यायची म्हणाल तर माहितीही जाते. बर्टनचंच घ्या. हा मुंबई फौजेतला अधिकारी. बडोदा आणि सिंधमध्ये राहिलेला. १८५३ मध्ये हिंदुस्थानात वाढलेला पठाण हकीम असं सोंग घेऊन तो मदिनेला आणि मक्केला गेला. त्याचीही परीक्षा आपल्या अंगणात करता येते: मक्केच्या आधी, १८५१ मध्ये त्याने गोव्यावर पुस्तक लिहिलं होतं. त्यातला गोवेकरांविषयीचा तुच्छतेचा सूर वीस पानं ऐकलात की मक्केच्या पुस्तकात ‘ता’ कुठे मारायचा हे सांगावं लागत नाही. उलट त्याच्या तळटीपा पाहा: भाडं किती, नमाजाच्या वेळा कशा ठरतात, इहरामचं, म्हणजे हजयात्रेकरूचं, वस्त्र कसं गुंडाळतात. निम्मं पुस्तक तळटीपांतच आहे.

तरीही तुमच्या चार महिन्यांत बर्टनला जागा नाही. डाउटीला तर अजिबातच नाही. १८८८ चे दोन जाड खंड, हजाराहून जास्त पानं, आणि इंग्रजी मुद्दाम जुनाट वळणाचं. इंग्रजीचे प्राध्यापक ते आवडीने वाचतात. तुम्ही तिसाव्या पानावर अडकाल आणि वाटेल की आपल्यालाच येत नाही.

थेसिजरचं ‘अरेबियन सँड्स’ (१९५९) मात्र थोडं वाचा, कारण त्यातला वाळवंटाचा प्रवास सलालाहून सुरू होतो. टोळधाडीतल्या टोळांच्या पैदाशीची ठिकाणं शोधायच्या नावाखाली हा इंग्रज १९४५ पासून तिथे गेला आणि रशीद आणि बैत कथीर टोळ्यांच्या सोबतीने रुब अल खालीचं वाळवंट ओलांडलं. त्याला अरबी येत होतं. तो त्यांच्यासारखं खात होता, अनवाणी चालत होता. पाहुणचार कसा चालतो ते त्याच्याइतकं कोणी दाखवलेलं नाही: उपाशी टोळीने दिवसभर ज्या सशाच्या मटणाची वाट पाहिली, ते ऐन वेळी टपकलेल्या पाहुण्यांपुढे जातं आणि यजमान आग्रहाने सांगतात, आम्हाला नको. मस्कतमध्ये कोणी कहवा (अरबी कॉफी) आणि खजूर पुढे करेल तेव्हा त्यामागे हे आहे. (कप लहान असतो, उजव्या हाताने घ्यायचा, पुरे झालं की रिकामा कप हलकेच हलवून परत द्यायचा. नाही हलवला तर भरत राहतील.) पण थेसिजरच्या पुस्तकात बायका जवळपास नाहीत, शेतकरी नाहीत, आणि मोटार म्हटलं की त्याला संताप येतो. १९७७ मध्ये तो ओमानला परत गेला तेव्हा त्याचे सोबती नव्या जगात रुळले होते. निराशा झाली ती त्याची, त्यांची नव्हे. जुनं ते अस्सल आणि आजचं ते बाटलेलं, हा सूर या साऱ्या लेखनात आहे, आणि तो तिथे राहायला जाणाऱ्या माणसाला त्रासदायक ठरतो: समोरचा ओमानी मॉलमध्ये दिसला म्हणून कमी अरब वाटू लागतो.

जाता जाता जॅन मॉरिसचं ‘सुलतान इन ओमान’ (१९५७). लहान, चुरचुरीत. १९५५ मध्ये सुलतान सईद बिन तैमूर मोटारींच्या ताफ्यातून सलालाहून वाळवंटातून निघाला आणि निझव्याच्या इमामाचा (इबादींच्या धार्मिक आणि राजकीय प्रमुखाचा) मुलूख ताब्यात घेतला; मॉरिस ताफ्यात पाहुणी पत्रकार (तेव्हा पुरुष म्हणून, जेम्स या नावाने). ज्याच्या गाडीत बसलो त्याची बाजू दिसते. इमामाच्या माणसांना काय वाटलं ते त्या पुस्तकात नाही. कोण कोणाचा पाहुणा होता, हा प्रश्न प्रत्येक प्रवासवर्णनाला विचारावा.

आता तुमच्या भीतीविषयी. तुम्ही विचारलंय, ‘तिथल्या बायकांशी बोलता येईल का?’ पुरुष प्रवाशांना बाहेरची मजलिस, म्हणजे बैठकीची खोली, दिसते. आतल्या खोल्या नाही. तुमच्यासाठी त्या उघड्या असतील, आणि म्हणून तुम्ही बायकांनी लिहिलेलं वाचायला हवं. माझ्या मते या यादीतलं तुमच्या सगळ्यांत कामाचं पुस्तक एलिझाबेथ वॉर्नॉक फर्नियाचं ‘गेस्ट्स ऑफ अ शेख’ (१९६५) आहे. नवरा मानववंशशास्त्रज्ञ; त्याच्या संशोधनासाठी ही नवी नवरी १९५६ ते ५८ दक्षिण इराकच्या एका खेड्यात राहिली. अबाया (अंगभर काळा झगा) घालावा की नाही यावर कुरकुरत घातला. शेखच्या घरच्या बायका तिची कीव करायच्या: अंगावर सोनं नाही, मूल नाही, आई जवळ नाही, आणि भातही धड शिजवता येत नाही! हळूहळू चहा, पाहुणचार, गप्पा, भांडणं असं करत मैत्री होते. कोणाच्या घरी आधी जायचं, भेट कधी परत करायची, नवऱ्याविषयी किती बोलायचं, यात ती कुठे कुठे चुकते ते तिने सविस्तर लिहिलंय. ते खेडं शिया, काळ राजेशाहीचा, देश इराक. ओमानला जसंच्या तसं लावू नका. पण नवऱ्याच्या नोकरीमागे परक्या मुलखात गेलेल्या बाईचे दिवस कसे जातात हे दुसऱ्या कोणत्या पुस्तकात इतकं स्वच्छ सापडणार नाही.

याच्या जोडीला आतून लिहिलेलं एक. सय्यद सईद या ओमानी सुलतानाची मुलगी सालमे, जन्म झांझिबारचा, १८४४. एका जर्मन व्यापाऱ्याशी लग्न करायला ती पळून गेली, एमिली रूएटे झाली आणि १८८६ मध्ये जर्मनमध्ये आपल्या आठवणी छापल्या. अरब राजवाड्यातलं बालपण, सावत्र भावंडं, सणवार, लग्नं, बाळंतपणं, औषधं. मुलींना वाचायला शिकवत, लिहायला नाही. ही उंटाच्या खांद्याच्या हाडावर कुराणातली अक्षरं गिरवून चोरून लिहायला शिकली. युरोपातल्या बायका आमची कीव करतात, त्यांनी आधी स्वतःकडे पाहावं, असं ती ठणकावून सांगते. पण तीच पुढे गुलामगिरीची बाजू घेते. आतला माणूस म्हणून सगळं खरं, असंही नसतं. तिच्या वडिलांच्या वैभवात गुलामांचा व्यापार होता, आणि ओमानमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १९७० मध्ये. गुलाम राखणाऱ्या ओमानी घरांचं आणि त्या गुलामांच्या वंशजांचं जग आतून पाहायचं असेल तर जोखा अल हार्थी या ओमानी लेखिकेची ‘सेलेस्टियल बॉडीज’ ही कादंबरी आहे, २०१९ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेली. प्रवासवर्णन नव्हे, पण मस्कतच्या शिक्षक-खोलीत पहिली ओमानी सहकारी भेटली तर बोलायला विषय मिळेल. पात्रं पुष्कळ आहेत. वंशावळीचं पान हाताशी ठेवून वाचा.

आणि अमिताव घोष यांचं ‘इन ॲन अँटिक लँड’ (१९९२). १९८० पासून इजिप्तच्या खेड्यात राहिलेला एक भारतीय विद्यार्थी, आणि जोडीला बाराव्या शतकात मंगळुरात राहिलेल्या एका ज्यू व्यापाऱ्याचा आणि त्याच्या भारतीय गुलामाचा शोध. इथे प्रश्न विचारणारा प्रवासी नाही, गावकरी आहेत: तुम्ही गाय पूजता? मेलेल्याला जाळता? सुंता नाही? एका प्रसंगी गावचा इमाम आणि घोष यांची अशी जुंपते की दोघे आपापल्या देशाच्या तोफा-रणगाड्यांची बढाई मारू लागतात. हे प्रश्न तुम्हालाही येतील, बहुधा निव्वळ कुतूहलाने, शाळेतल्या मुलांकडून तर नक्कीच. दहन, मूर्ती, शाकाहार, मंगळसूत्र यांवर दोन-दोन वाक्यांची साधी उत्तरं आधी मनाशी तयार ठेवा. चिडून दिलेलं उत्तर संभाषण तिथेच संपवतं, हे त्या पुस्तकात लख्ख दिसतं.

वेळेचं गणित असं. शाळा आणि घर सांभाळून रात्री पाऊण तास, इंग्रजीची बारा पानं, आठवड्याला पाच दिवस. सोळा आठवड्यांत ९६० पानं. फर्निया, घोष आणि सालमे यांतच ती संपतात. म्हणून इब्न बतूताची ओमान आणि दौलताबादची तीस-चाळीस पानं आधी, पहिल्या आठवड्यात. मग फर्निया, मग घोष, शेवटी सालमे. थेसिजरची सलालाची प्रकरणं एखाद्या रविवारी. मराठी पुस्तकं या हिशेबाबाहेर, कंटाळा येईल तेव्हा. नकाशा भिंतीवर लावा. आखाताचा नव्हे, अख्ख्या पश्चिम हिंदी महासागराचा, म्हणजे मुंबई, मस्कत आणि झांझिबार एकाच पाण्याच्या काठाला दिसतील.

आवृत्त्यांत लोक फार फसतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, म्हणून बर्टन (मृत्यू १८९०), डाउटी (१९२६) आणि सालमे (१९२४) यांची जुनी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. फर्निया, थेसिजर, घोष विकत किंवा ग्रंथालयातून. ऑनलाइन दुकानांत मागणीनुसार छापलेल्या स्वस्त प्रती असतात; त्यांत नकाशे गाळलेले, तळटीपा मजकुरात घुसलेल्या, कधी दोन खंडांपैकी एकच. खरेदीआधी पृष्ठसंख्या आणि प्रकाशकाचं नाव पाहा. इब्न बतूताचे चार खंडांचे पूर्ण भाषांतर महाग आहे आणि तुम्हाला नको. टिम मॅकिंटॉश-स्मिथने संपादित केलेली एका खंडाची संक्षिप्त आवृत्ती घ्या. हिंदुस्थानचा भाग पुरता हवा असेल तर महदी हुसेन यांचं भाषांतर बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने १९५३ मध्ये काढलं होतं, ते विद्यापीठांच्या ग्रंथालयांत असतं. जुनी पुस्तकं पाहायची तर मुंबईला जाणं झाल्यावर एशियाटिक सोसायटी. एकाच गावाची नावं प्रत्येक पुस्तकात वेगळी लिहिलेली दिसतील (जफार, धोफार, कल्हात, कलहात), वहीच्या मागच्या पानावर जोड्या लावत चला.

मुलीसाठी: टिम सेव्हरिनचं ‘द सिंदबाद व्हॉयेज’ (१९८२) चित्रांसकट मिळालं तर पाहा. ओमानमधल्या सूर गावी, मलबारचं लाकूड आणून, लक्षद्वीपच्या कारागिरांनी काथ्याने शिवून, एकही खिळा न मारता जहाज बांधलं आणि ते १९८०-८१ मध्ये मस्कतहून चीनच्या कँटनपर्यंत गेलं. ‘सोहार’ नावाचं ते जहाज मस्कतमध्ये अल बुस्तानच्या चौकात ठेवलेलं आहे.

ताजा कलमचं उत्तर. दोन पुस्तकं न्या: फर्निया, कारण पहिल्या तीन महिन्यांत ते पुन्हा उघडावंसं वाटेल, आणि स्वतःची वही. बाकीची फोनवर किंवा प्राध्यापकांकडे. धर्मप्रचाराचं किंवा धर्मावर टीका करणारं छापील साहित्य सामानात ठेवू नका. विमानतळावर विचारणा झाली तर समजावून सांगत बसावं लागतं. नायपॉल इथेच राहू द्या. ओमानवरची पुस्तकं मस्कतच्या दुकानांतही मिळतात, पण इथल्यापेक्षा महाग. आणि व्हिसा, इकामा (राहण्याचा परवाना), रमजानमध्ये चारचौघांत खाण्यापिण्याचे नियम असल्या गोष्टी कोणत्याही प्रवासवर्णनातून घेऊ नका. त्या नवऱ्याच्या कंपनीच्या कचेरीतून, ताज्या, लेखी मागवा.